मधली चित्रं

आमच्या घरात टीव्ही पाहायच्या जागा ठरलेल्या होत्या. आजी उंबऱ्याला टेकून, कारण तिथून तिला गोठाही दिसायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, खाटेवर. आणि मी पडद्याच्या इतकी जवळ, की कुणीतरी "डोळे फुटतील, मागं सरक" म्हणून ओरडायचंच. 'छोटा भीम' लागला की मला दुसरं काही ऐकू यायचं नाही. भीम लाडू तोंडात टाकायचा, मूठ आवळायचा, हात मागं न्यायचा, आणि आमच्या अंतरवाली सराटीतली लाईट जायची. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत असे कितीतरी ठोसे हवेतच राहिले.

ते ठोसे मी डायरीत पुरे करायचे. आमच्या जिल्ह्याचं जालना हे बियाण्यांचं शहर. महिकोसारखी कंपनी तिथंच १९६४ साली उभी राहिली. त्यामुळे आमच्याकडं शेतकऱ्याच्या घरात दुकानातून आलेल्या डायऱ्यांना आणि कॅलेंडरांना तोटा नसतो. अशाच एका डायरीच्या उजव्या कोपऱ्यात मी मागं गेलेला हात काढला. पुढच्या पानावर तोच हात थोडा पुढं, त्याच्या पुढच्या पानावर आणखी थोडा. मग अंगठ्यानं पानं भर्रकन सोडली. हात हलला. पुन्हा सोडली, पुन्हा हलला. पानांच्या वरच्या भागात अण्णांच्या अक्षरातला कापूस वेचणीचा हिशेब होता. कुणी किती किलो वेचला, कुणाचे किती द्यायचे राहिले. त्या आकड्यांच्या खालून माझा भीम पळत होता. अण्णांनी पाहिलं तेव्हा मार बसणार असं मला वाटलं. त्यांनी स्वतः अंगठा लावून पानं सोडली, दोनदा. मग हिशेब दुसऱ्या वहीत उतरवून घेतला आणि डायरी मला देऊन टाकली.

आज मी पुण्यात अ‍ॅनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती डायरी अजून माझ्याकडं आहे.

पहिल्या वर्षी गावाचं नाव सांगितलं की "हे कुठं आलं?" असं विचारायचे. महिन्याभरातच ते विचारणं बंद झालं. अंबड तालुक्यात, धुळे–सोलापूर महामार्गापासून थोडं आत, वडीगोद्रीजवळ असलेलं हे गाव २९ ऑगस्ट २०२३ पर्यंत जिल्ह्याबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. त्या दिवशी मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला, आणि एका रात्रीत आमचं गाव देशभरच्या बातम्यांत दिसू लागलं. मी तेव्हा होस्टेलवर बसून चेंडूला उड्या मारायला शिकवत होते. अ‍ॅनिमेशनच्या विद्यार्थ्याचा पहिला धडा तोच असतो. अर्ध्या स्क्रीनवर चेंडू, अर्ध्या स्क्रीनवर गाव. अण्णांचा आवाज फोनवर ऐकेपर्यंत माझ्या हातून एक रेघ उमटली नाही. १४ सप्टेंबरला उपोषण सुटलं. त्या वर्षी त्याच दिवशी पोळा होता. बातम्यांत गर्दी दिसत होती, मी त्या गर्दीच्या कडेला कुठं रंगवलेली शिंगं दिसतात का ते शोधत होते.

आंदोलनावर पुष्कळ लिहिलं गेलंय आणि लिहिणारे माझ्यापेक्षा जाणते आहेत. मला सांगायचंय ते त्या तारखांच्या मधल्या दिवसांबद्दल. मोसंबीला पाण्याचा ताण दिला की बागवान रोज जाऊन फक्त पाहतो, कारण करायला दुसरं काही नसतं. पानं मलूल होतात, काही गळतात, मग पाणी सोडायचं आणि फुलाची वाट पाहायची. असे दिवस बातमीत येत नाहीत. अ‍ॅनिमेशन शिकायला लागले तेव्हा कळलं, की माझं सगळं शिक्षण त्याच दिवसांचं आहे.

ते कसं, हे थोडं उलगडून सांगते. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम लागतात. हातानं काढताना बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेमपुरतं धरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं आणि मिनिटाला ७२०. माझी पदवीची फिल्म चार मिनिटांची आहे. गुणाकार केला तेव्हा २,८८० हा आकडा मी भिंतीवर लिहून ठेवला. या चित्रांत दोन जाती असतात. भीमाचा हात मागं गेलेला, आणि ठोसा बसलेला, अशा टोकाच्या चित्रांना की-फ्रेम म्हणतात. ती काढणारा मोठा कलाकार. त्या दोन टोकांच्या मध्ये हात कुठून कसा गेला, कुठं रेंगाळला, कुठं सुसाटला, हे दाखवणारी चित्रं म्हणजे इनबिटवीन. आमच्या वर्गात सगळे "मधली" म्हणतात. "तुझी मधली झाली का?" हा रात्री अकराला होस्टेलच्या जिन्यात ऐकू येणारा प्रश्न. लाईट बॉक्सवर कागद ठेवायचा, खालून आधीचं चित्र पुसट दिसतं, त्यावर पुढचं. कम्प्युटरवर त्याच सोयीला अनियन स्किन म्हणतात, कांद्याची साल. कांदा चिरलेल्या कुणालाही ते नाव चटकन कळतं.

डिस्नीच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोन जुन्या अ‍ॅनिमेटरांनी १९८१ मध्ये एक जाडजूड पुस्तक लिहून या कामाची बारा तत्त्वं सांगितली. त्यांतलं एक अँटिसिपेशन. उडी मारायच्या आधी माणूस वाकतो, ठोसा मारायच्या आधी हात मागं जातो, आणि पाहणाऱ्याचा जीव त्या मागं जाण्यात अडकतो. सरांनी फळ्यावर तो हात काढला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आमची लाईट नेमकी तिथंच जायची.

मग मला शोध लागला तो इतिहासाचा, आणि तो वर्गात नाही लागला. अ‍ॅनिमेशन म्हटलं की आम्ही विद्यार्थी जपान आणि अमेरिकेची नावं घेतो. 'स्पिरिटेड अवे' मी अकरा वेळा पाहिला असेल, त्याबद्दल मला काही संकोच नाही. पण मराठी माणसानं हे काम किती आधी केलं होतं, हे कळलं तेव्हा मला इतक्या उशिरा कळल्याचं वाईट वाटलं.

दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, हे शाळेत पाठ असतं. त्याच्या आधीचं एक झाड मात्र कुणी शिकवत नाही. त्र्यंबकेश्वरचा हा माणूस मुंबईत येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहून झपाटला, रात्रंदिवस चित्रपट पाहून आणि प्रयोग करून डोळे जायची वेळ आली, डॉक्टरांनी ते वाचवले. १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा आणला. आता भांडवल हवं होतं आणि विश्वास कुणाचा नव्हता. तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा कुंडीसमोर रोवला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत महिन्याहून जास्त दिवस थांबले. पडद्यावर तो वाटाणा अंकुरला, वर आला, वेल होऊन पसरला, मिनिटाभरात. ते पाहून छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले.

मी हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. मराठी सिनेमाचं पहिलं तारण एक रोप होतं! उगवण पाहत बसणं हे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं काम आहे. सरकी टोचल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी अण्णा पहाटे शेतात वाकून चालतात, तास मोजत, कुठं तुटाळ पडली ते पाहत. फाळक्यांची ती कुंडी मी त्याच वाकलेल्या पाठीवरून पाहते. पुढं त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. काड्या एकेक सरकवायच्या, एकेक फ्रेम घ्यायची, की त्या आपणहून नाचू लागतात. आज यालाच आम्ही स्टॉप मोशन म्हणतो.

त्यानंतर? १९३४ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या पुण्यातल्या स्टुडिओत रघुनाथ केळकरांनी 'जंबूकाका' हा कोल्ह्याचा कार्टूनपट केला. त्याच जागेवर आता फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आहे. मी त्या भिंतीकडेनं चालत जाते तेव्हा मनात तोच कोल्हा असतो. १९३९ मध्ये जी. के. गोखल्यांनी 'सुपरमॅन्स मिथ' काढला. ही नावं अमेरिकेतून नाही आली, ती आपल्यातल्याच माणसांची आहेत. १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबईतल्या कार्टून विभागात डिस्नीत काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले. त्या शिकवणीतून १९५७ मध्ये जातककथेवरचा 'द बनियन डिअर' झाला, त्यात गोखले होते. मद्रासहून रसायनशास्त्र शिकून आलेले राम मोहन याच विभागात तयार झाले आणि पुढं भारतीय अ‍ॅनिमेशनचे गुरू ठरले.

आणि १९७४. 'एक अनेक और एकता' पाहिला नाही असं माणूस माझ्या आईवडिलांच्या पिढीत सापडणं अवघड. चिमण्या जाळ्यासकट उडून जातात, ती फिल्म. ती करणाऱ्या विजया मुळे मुंबईत जन्मलेल्या मराठी बाई. अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं, संगीत वसंत देसाईंचं, आणि त्यातला कोवळा आवाज पुढं साधना सरगम म्हणून ओळखल्या गेलेल्या मुलीचा. सर्वोत्तम शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापता थापता थांबली. "बाईनं केलं व्हय ते?" एवढंच म्हणाली. नंतर दोन दिवस गल्लीत सगळ्यांना सांगत होती.

२००६ मध्ये गीतांजली राव यांचा 'प्रिंटेड रेनबो' कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्ये तीन पुरस्कार घेऊन आला. एक एकटी म्हातारी, तिची मांजर, आणि आगपेट्यांवरची चित्रं, ज्यांत शिरून ती हवी तिथं जाऊन येते. फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी, गीतांजली रावही जे. जे.च्या. एकानं काड्या नाचवल्या, दुसरीनं पेटीवरची चित्रं. दोघांच्या मध्ये जवळपास नव्वद वर्षं.

ही यादी वहीत लिहिल्यावर माझ्या लक्षात आलं, की हे सगळे की-फ्रेम आहेत. टोकाची, ठसठशीत, एकेकट्यानं काढलेली चित्रं. मधली कुठं आहेत? जंबूकाकानंतर मराठी कोल्ह्यांची, मांजरांची, बैलांची एक रांग का लागली नाही? कुणी एक जण वेडानं उठतो, करतो, आणि त्याचा कागद उचलून त्यावर दुसरा कागद ठेवणारं कुणी नसतं. माझ्या पिढीनं दुःख करायचं असेल तर ते याचं करावं असं मला फार वाटतं. आमच्या गावातली पोरं आज 'डोरेमॉन' पाहून शाळेत हिंदीचं पुस्तक उघडण्याआधी हिंदी बोलतात. भाषा शिकली त्याचं चांगलंच आहे. पण मराठीत बोलणारं, मराठवाड्याच्या मातीत चालणारं एकही चित्र त्यांच्या वाट्याला येत नाही.

खरं तर चित्रांतून गोष्ट चालवणं आपल्याला केवढं जुनं आहे. आमच्या गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठण. तिथं मिळालेल्या जुन्या चित्रांना अभ्यासक पैठण शैली म्हणतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ही चित्रकथीची चित्रं पाहताना मी नदीकाठच्या घरी आल्यासारखी उभी राहिले. मोठे डोळे, जाड रेघ, एका बाजूनं दिसणारे चेहरे, लढणारे राक्षस. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजानं तीच परंपरा जिवंत ठेवली. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी आपल्या गोठ्याचं संग्रहालय केलं आहे. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवायची, अशा पानांची पोथी. कथेकरी पान धरतो, गातो, पान उलटतो. राम रथात, मग राम रणात. रथातून उतरून रणात जायची चित्रं पोथीत नाहीत. ती कथेकऱ्याच्या आवाजात असतात, हुडुकाच्या ठेक्यात असतात. बघणारा ती आपल्या डोळ्यांनी भरून काढतो. लाईट गेल्यावर मी डायरीत तेच करत होते.

पैशाचंही बोलायला हवं, कारण घरोघरी पहिला प्रश्न तोच असतो. बारावीनंतर एका शहरातल्या खासगी क्लासनं "नोकरीची हमी" असं छापलेलं पत्रक दाखवून मोसंबीचे आलेले पैसे भरून घेतले आणि बॅच सुरूच केली नाही. ते पैसे परत आले नाहीत. आमचं एक वर्ष गेलं. अण्णा त्यावर एकदाही बोलले नाहीत, म्हणून मीच जास्त रडले. अशा पत्रकांना आमच्या भागातल्या मुलांनी भुलू नये, आधी तिथं शिकून गेलेल्याला गाठावं. शिकून बाहेर पडल्यावरही पहिलं काम बहुतेकांना मिळतं ते रोटोचं. म्हणजे परदेशी चित्रपटातल्या माणसाची कड फ्रेमगणिक कातरत बसायचं. डोळे आणि मनगट दुखतं. पण मी हे काम हलकं मानत नाही. सिनेमा संपल्यावर लोक उठून जातात तेव्हा वर सरकणाऱ्या शेकडो नावांत असे किती मधलेच असतात. मी ती नावं शेवटपर्यंत वाचते.

आणि दार किलकिलं झालंय, हेही खरं. ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर नेदरलँड्सच्या टोन रोसेनडाल यांनी उभं केलं. त्यांची कंपनी बंद पडली तेव्हा ते सगळ्यांसाठी खुलं करायला एक लाख युरो लागणार होते. जगभरच्या वापरणाऱ्यांनी ते सात आठवड्यांत जमवले, २००२ मध्ये. आमच्याकडं मंदिराला किंवा सप्त्याला जमते तशी ही लोकवर्गणी. त्या वर्गणीमुळं आज मी एक रुपया न देता ब्लेंडर वापरते. आणि त्याच ब्लेंडरमध्ये लॅटव्हियाच्या गिंट्स झिलबालोडिसनं 'फ्लो' केला, त्याला मार्च २०२५ मध्ये सर्वोत्तम अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं.

'फ्लो' मी आजीला दाखवला. सप्टेंबर २०२५ मध्ये जायकवाडीतून पाणी सुटून गोदावरीला मोठा पूर आला होता, काठच्या रानात पिकं उभी सडली होती. त्याच दिवाळीत मी लॅपटॉप घेऊन घरी आले. 'फ्लो'मध्ये पूर आहे. एक काळी मांजर, एक कुत्रा, एक लेमूर, एक कॅपिबारा आणि एक मोठा पक्षी एका नावेत. माणूस नाही. अख्ख्या चित्रपटात संवाद नाही. आजी उंबऱ्यावरच बसली, मी लॅपटॉप पाटावर ठेवला.

"बोलत काहून न्हाईत?" तिनं विचारलं.

"मुकी जनावरं हैत ना, आजी."

पाणी झाडांच्या शेंड्यापर्यंत चढलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. मांजर पहिल्यांदा पाण्यात बुडी मारून मासा आणते तिथं ती "बघ, शिकली" म्हणाली. शेवटी पूर ओसरतो. नाव झाडात अडकते. आजीनं एकदाही उठून गोठ्यात पाहिलं नाही, हे मला नंतर आठवलं. चित्रपट संपल्यावर बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "बरं झालं बोलले न्हाईत. तुझं ते दुसरं बोलतंय ते मला कवाच कळलं न्हाई."

इतकी वर्षं ती माझ्या मागं बसून सगळी कार्टूनं पाहत होती, आणि तिला हिंदी येत नाही हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

माझ्या फिल्ममध्ये म्हणूनच संवाद फार कमी आहेत, आणि जे आहेत ते तिच्या बोलीत. गोष्ट आमच्या घरातली. मी लहान असताना अण्णांनी एक बैल बाजारात विकला होता. तो रात्रीतून दावं तोडून, कित्येक कोस चालत, पहाटे आमच्या दारात येऊन उभा राहिला. घेणारा माणूस दुपारी आला आणि अण्णांनी पैसे परत केले. चार मिनिटांतली तीन मिनिटं बैल फक्त चालतो.

बैलाचं चालणं काढणं सोपं नाही. १८७८ मध्ये मायब्रिजनं ओळीनं कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे पाय मोजले, ते फोटो आमच्या वर्गात सगळ्यांना पाठ आहेत. बैलाचं गणित वेगळं. डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. मागचा खूर पुढच्याच्या ठशाच्या आसपास पडतो. प्रत्येक पावलाला वशिंड डुलतं, गळ्याखालची पोळी एक क्षण उशिरा हलते. ते उशिरा हलणं जमलं की चित्राला वजन येतं. मी पोळ्याला घरी होते तेव्हा खांदेमळणी चालू असताना बाजूला बसून शंभरेक कच्ची चित्रं काढली, पुण्यात येऊन पक्की केली. सरांनी पास केली. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

परवा ती पेन्सिल टेस्ट घेऊन गावी आले. जेवणं झाल्यावर अण्णांना दाखवली. त्यांनी चष्मा लावला. बैल काळ्या-पांढऱ्या रेघांत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला.

"पुन्यांदा लाव."

लावली.

"पाय बरोबर हैत," ते म्हणाले. मग बोट स्क्रीनवर ठेवून मानेपाशी थांबले. "पण हा औताला जुपलेला हाय. मान बघ त्याची. खांद्यावर जू असल्यावाणी चाललाय. घरला येणारं जनावर असं चालत नसतंय."

"मग कसं चालतंय?"

ते उठले. अंगणात लाईट लावली. खांदे ढिले सोडले, मान पुढं काढली, आणि आमच्या अंगणात माझे वडील चार पावलं चालले, थांबले, वास घेतल्यासारखं डोकं उचललं, आणि पुढची पावलं जराशी घाईनं टाकली. आजी उंबऱ्यावरून बघत होती. कुणी हसलं नाही.

"आधी कान," ते म्हणाले. "घर आलं की आधी कान पुढं येतात. मग मान. पाय सगळ्यात शेवटी."

मी झालेल्या चित्रांच्या आकड्यातून १८६ चित्रं वजा केली. दुसऱ्या दिवशी गुरं परत यायच्या वेळेला वही घेऊन बांधावर जाऊन बसले. वडीगोद्रीकडून ट्रॅक्टर येत-जात होते, धूळ खाली बसायची वाट पाहावी लागत होती. मग वळणावर आमची जोडी दिसली. घर अजून दोन शेतं लांब होतं. मी कानापासून सुरुवात केली.